गोचिडीच्या वाटेने: पाषाण ते क्यासनूर

सोमवार, पुणे

मी गुरांची डॉक्टर. गोचीड हा माझा रोजचा विषय. थायलेरिया आणि बबेसिया या गोचिडीतून येणाऱ्या रक्तातल्या परजीवींनी खंगलेल्या संकरित गायी, रक्त कमी होऊन पांढऱ्याफटक पडलेली वासरं, हे सगळं हाताखालून गेलेलं आहे. पण एक गोचीड अशी आहे की ती गाईचं रक्त पिते, गाईला काहीही होत नाही, आणि तिचीच पिल्लं माणसाला चावली तर माणूस आठवड्याभरात अंथरुणाला खिळतो. माकडतापाच्या (क्यासनूर फॉरेस्ट डिसीजच्या) त्या गोचिडीच्या मुलखात एकदा जाऊन यायचं बरेच दिवस मनात होतं. मार्चचा पहिला आठवडा मुद्दाम निवडला, कारण तापाचा ऐन हंगाम जानेवारी ते एप्रिल असतो.

सुरुवात पुण्यातूनच केली, कारण या रोगाचा इतिहास इथेच लिहिला गेला. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या (एनआयव्ही) पाषाणच्या आवारात देशातली पहिली बीएसएल-4, म्हणजे सगळ्यात धोकादायक विषाणूंसाठीची, प्रयोगशाळा 2012 मध्ये उभी राहिली. आत काम करणारे लोक बाहेरून हवा पुरवलेला बंदिस्त पोशाख घालतात आणि बाहेर पडताना त्या पोशाखासकट रसायनाने आंघोळ करतात. आत जाण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तो नसावाच. माकडतापाचा विषाणू प्रयोगशाळेत फार दगा देतो. सुरुवातीच्या काळात तो हाताळताना याच संस्थेतले कितीतरी शास्त्रज्ञ आणि कर्मचारी तापाने पडले होते. तेव्हा ना असे पोशाख होते ना अशा खोल्या. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दुपार एका निवृत्त कीटकशास्त्रज्ञांच्या घरी गेली. त्यांनी सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी लावून ठेवला होता. काचेवर माकडतापाची गोचीड, हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, निम्फ म्हणजे पूर्ण वाढ होण्याआधीच्या अवस्थेतली. नुसत्या डोळ्यांनी खसखशीचा दाणा वाटावा एवढीच. भिंगाखाली मात्र आठ पाय स्पष्ट दिसतात (अंड्यातून निघालेल्या लार्व्हाला सहाच असतात), आणि पुढे चोचीसारखा भाग, त्यावर मागे वळलेल्या दातांच्या रांगा. एकदा रुतली की ओढून सहज का निघत नाही, ते त्या दातांकडे पाहिलं की कळतं. या जातीला डोळे नाहीत. पुढच्या पायांवरच्या एका खळगीने ती श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब ओळखते आणि वाट बघत बसते.

मग त्यांनी जुन्या गोष्टी काढल्या. संस्था 1952 मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढली, तेव्हा तिचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर होतं. 1957 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यातून बातमी आली की सोरब तालुक्यात जंगलात माकडं मरताहेत आणि आसपासच्या गावांत लोकांना कडक ताप येतोय. माकडं मरणं आणि माणसं तापणं एकदमच, म्हटल्यावर पहिली शंका आली ती पीतज्वराची (यलो फीवरची). तो रोग भारतात कधीच नव्हता, पण तो पसरवणारा डास घरोघरी होता. केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्या पथकाने जंगलात मुक्काम ठोकला आणि क्यासनूरच्या रानातून विषाणू वेगळा काढला. तो निघाला भलत्याच घराण्याचा. रशियाच्या जंगलांत वसंत-उन्हाळ्यात मेंदूज्वर करणाऱ्या गोचीडजन्य विषाणूंचा तो नातेवाईक होता. सैबेरियातून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरून गोचिडी आल्या असतील का, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला. मुंबईच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) सलीम अली यांच्या पुढाकाराने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं जे मोठं काम केलं, त्यामागे हा ताप होता. पक्ष्यांनी रोग आणल्याचं सिद्ध झालं नाही, पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं पुष्कळसं त्या कामातून आलं.

मंगळवार, सावंतवाडी

कोल्हापूर, आजरा, आंबोली करत संध्याकाळी सावंतवाडीत पोचले. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण इथे माणसांची डॉक्टर आहे. तिने जेवता जेवता एवढंच सांगितलं, "अगं, इथे मार्चमध्ये कुणी ताप घेऊन आलं की पहिला प्रश्न विचारायचा, बागेत कधी गेला होतास?" उद्या तीही बरोबर आहे.

बुधवार, दोडामार्ग

सकाळी बांद्यावरून दोडामार्गला. महाराष्ट्रात माकडतापाचे रुग्ण 2016 मध्ये पहिल्यांदा इथे, केर गावाच्या परिसरात सापडले. पुढच्या हंगामात तो बांद्याच्या बाजूला सरकला. त्याआधी हा कर्नाटकचा रोग समजला जायचा.

केरच्या अलीकडच्या एका वाडीत आम्ही थांबलो. घराच्या मागे गोठा, गोठ्याला लागून काजूची बाग, बागेच्या वरच्या अंगाला जंगल. मध्ये कुंपण असं काही नाहीच. काजूची पानं गळून जमिनीवर वीतभर थर साचलेला, पाय टाकला की चुरचुरणारा. घरातल्या आजी कमरेत वाकून खराट्याने तो थर बाजूला करत होत्या. "पानां लोटल्याशिवाय बी दिसना नाय, डॉक्टरानू." बोंडातून सुटलेली बी पानात पडते, ती हाताने वेचायची. म्हणजे दिवसाचे चार-पाच तास हात आणि पावलं त्या पानांत. त्यांच्या घरात त्या पहिल्या साथीत तिघं आडवी झाली होती. "काय ता आमका कळलाच नाय. आधी वानर मेलो, मगे ताप इलो."

हा क्रम आजींनी अगदी बरोबर सांगितला. वानर आणि बोनेट माकड या दोघांनाही हा विषाणू मारतो. माकड झाडाखाली मरून पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड पडणारं शरीर सोडून पानांत उतरतात. त्यांतल्या बऱ्याच विषाणू घेऊन उतरतात, आणि त्या जागेवरून जाणाऱ्या पुढच्या प्राण्यावर चढतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं की हात न लावता कळवायचं, त्याचे नमुने पूर्ण संरक्षक पोशाख घालून घ्यायचे, शव जाळायचं आणि भोवतालच्या जागेवर मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पूड टाकायची, अशी पद्धत आहे. माकडाने माणसाला ताप दिला असं म्हणणं मला पटत नाही. दोघंही एकाच गोचिडीचे बळी, माकडाला आधी गाठलं एवढंच.

दुपारी आरोग्य विभागाच्या लोकांबरोबर गोचिडी गोळा करताना पाहिलं. पायमोजे पँटवर चढवलेले, बुटांच्या वर गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल चोळलेलं. काठीला बांधलेलं पांढरं फ्लॅनेलचं फडकं पानांवरून हळूहळू ओढत न्यायचं, दहा-बारा पावलांवर थांबून उलटं करायचं. पहिल्या दोन खेपांना काहीच नाही. तिसऱ्यांदा, जिथून गुरांची पायवाट बागेत शिरते तिथे, फडक्यावर बारीक तपकिरी ठिपके चालू लागले. चिमट्याने एकेक उचलून कुपीत. या कुप्यांतल्या गोचिडी जातीनुसार वेगळ्या करून, गटागटाने बारीक वाटून, विषाणूसाठी आरटी-पीसीआर करून बघतात. जंगलाच्या आतल्या बाजूला तेवढाच वेळ फडकं फिरवलं, तिथे हाताला फार थोड्या लागल्या. एका दुपारच्या बघण्यावरून नियम काढू नये हे खरं, पण गुरांची पायवाट माझ्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी गोठ्यात गेले. आजींच्या चार गायी, गावठीच, दिवसभर रानात चरून आलेल्या. सवयीने कानाच्या आतून, आचळांच्या मागे, शेपटीच्या बुडाशी बोटं फिरवली. आत्ता या दिवसांत मोठ्या गोचिडी मोजक्याच होत्या, आणि ते बरोबरच आहे. या गोचिडीच्या आयुष्याला तीन वेगवेगळी जनावरं लागतात. लार्व्हा पावसाळा संपता संपता निघतात आणि उंदीर, चिचुंद्री, पक्षी, माकडं यांच्यावर पोट भरतात. निम्फ नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात, त्याच माणसाला चावतात. आणि पूर्ण वाढलेली मादी येते पावसाळ्यात, तिला हवं असतं मोठं जनावर, म्हणजे रानात गवा-सांबर आणि वाडीत गाय-म्हैस. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते आणि पाचोळ्यात हजारोंनी अंडी घालते.

म्हणजे मार्चमध्ये आजींच्या पायाला चावणारी गोचीड आदल्या पावसाळ्यात याच गोठ्यातल्या गाईच्या रक्तावर जन्माला आलेली असू शकते. तापाची धावपळ जानेवारीत सुरू होते. गाईवरची मादी जुलैत असते. त्या वेळी गाय मजेत चरत असते, दूध देत असते, कुणी मला बोलावत नाही. बोलावण्यासारखं तिला काही झालेलंच नसतं.

गुरुवार, सत्तरी

दोडामार्गहून डिचोली, साखळी करत वाळपईला आणि तिथून पुढे पाळी गावात. गोव्यातली पहिली साथ 2015 मध्ये इथेच झाली, आणि चित्र कालच्यासारखंच. काजूच्या बागा, डोंगर, बोंडांचा आंबूस वास. इथे बी वेचतातच, शिवाय बोंडं मळून रस काढतात, त्यामुळे हंगामात अख्खं घर डोंगरावर मुक्कामाला असतं. आरोग्य केंद्रातल्या परिचारिका डोंगरावरच्या झोपड्यांपर्यंत चालत जाऊन तेलाच्या बाटल्या देतात, आल्यावर अंग तपासायला शिकवतात. चिकटलेली गोचीड चिमट्याने अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायची. चुना लावायचा नाही, रॉकेल ओतायचं नाही, विडीने चटका द्यायचा नाही. या गोष्टी मी शेतकऱ्यांना गुरांच्या बाबतीत सांगत आले आहे, आणि तरी विडीचा चटका मारणारे हात मी पाहते. सांगत राहायला हवं, दुसरा इलाज नाही.

शुक्रवार, कारवारमार्गे शिरसी

दिवसभर गाडी. फोंडा, मडगाव, कारवार, कुमठ्यापर्यंत समुद्र अधूनमधून उजव्या हाताला, मग देवीमनेचा घाट चढून शिरसी. घाटात बोनेट माकडांची एक टोळी रस्त्याकडेला बसलेली, एक पिल्लू आईच्या पाठीवरचे केस पिंजून काहीतरी टिपून खात होतं. एरवी मी बघून पुढे गेले असते.

शनिवार, सिद्धापूर आणि अरळगोडू

सिद्धापूर तालुक्यात 2024 च्या हंगामात बरेच रुग्ण झाले. इथला मुलूख सुपारीच्या बागांचा. खोलगट दरीत बाग, वर घर, आणि बागेच्या मागे 'सोप्पिन बेट्टा', म्हणजे बागेला पाला पुरवण्यासाठी राखलेला जंगलाचा तुकडा. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे तो. डिसेंबरनंतर वाळलेली पानं झाडून, मोठाल्या टोपल्यांत दाबून भरून आणतात, गोठ्यात गुरांखाली अंथरतात, आणि शेणामुतात मुरलेला तोच पाला सुपारीच्या बुंध्याशी घालतात. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या हेगडे मंडळींच्या गोठ्यात पाऊल टाकलं तर जमीन मऊ लागली, पानांची गादीच. शेती म्हणून ही पद्धत सुंदर आहे, मातीचं आणि गुरांचं इतकं नीट जमलेलं गणित मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. आणि जंगलातली गोचीड थेट गोठ्यापर्यंत आणण्याची सोयही तीच आहे. लोकांना "पाला आणू नका" असं सांगणं म्हणजे बाग मोडा असं सांगणं. तसं सांगणाऱ्याचं कोण ऐकणार?

दुपारी जोगच्या बाजूने कारगल आणि तिथून अरळगोडू. 2018च्या अखेरीस सुरू झालेल्या साथीत सागर तालुक्यातल्या या भागाने फार सोसलं. कितीतरी घरांतून माणसं गेली. एका घराच्या ओट्यावर बसून घरधनिणीने मोडक्यातोडक्या हिंदीत स्वतःचा आजार सांगितला. दुपारपर्यंत पानं झाडत होत्या, संध्याकाळी एकाएकी हुडहुडी. कपाळ फुटेल असं दुखणं, कमर आणि पोटऱ्या कुणी पिळून काढाव्यात तशा, डोळे लालबुंद. आठवड्याने ताप उतरला, त्या उठून चूलही पेटवायला लागल्या. आणि मग परत ताप चढला, या खेपेला मान ताठ, हात कापायला लागले, माणसं ओळखेनात. माझी मैत्रीण ऐकता ऐकता मान हलवत होती, कारण पुस्तकात लिहिलेलं सगळं जसंच्या तसं होतं. गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत ताप येतो. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून, पोटातून रक्त जातं, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घसरतात. साधारण दहा ते वीस टक्के रुग्णांना बरं वाटल्यावर हा दुसरा फेरा गाठतो आणि तो मेंदूवर जातो. शंभरात तीन ते पाच दगावतात. विषाणू मारणारं औषध नाही. पाणी, रक्तदाब, रक्तस्राव यांवर लक्ष ठेवून माणसाला तारून न्यायचं. सुदैवाने एका माणसाचा दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे शुश्रूषा करणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. त्या बाईंच्या शेजारणी त्यांच्या घरी महिनाभर फिरकल्या नव्हत्या, हे सांगताना त्यांचा आवाज बदलला.

निदानासाठी वेळ महत्त्वाची. पहिल्या दिवसांत रक्तात विषाणू असतो, तेव्हा पीसीआर उपयोगी. आठवड्याकडे झुकल्यावर विषाणूविरुद्ध शरीरात आधी तयार होणारी आयजीएम अँटीबॉडी पकडायची. एनआयव्हीने या चाचण्या बसवण्याआधी उंदराच्या पिल्लांना रक्त टोचून दिवसेंदिवस वाट बघावी लागायची.

रविवार, सोरब

सागरहून सोरबच्या वाटेवर क्यासनूरचं रान लागतं. गाडी बाजूला लावून आम्ही कडेकडेनेच चाललो, पायमोजे वर ओढून, रस्त्याच्या कडेला असलो तरी डेपा तेल चोळून. पानगळीचं जंगल, मध्ये मध्ये भाताची कापलेली शेतं जीभ काढल्यासारखी आत शिरलेली. शेतात गाईंचा कळप, आणि गुराखी मुलगा झाडाच्या बुंध्याला टेकून पाचोळ्यात पाय पसरून बसलेला. मैत्रिणीने त्याला उठवून दगडावर बसायला लावलं आणि तेलाची अर्धी बाटली त्याच्या हातात दिली.

साठच्या दशकात पुण्याच्या केंद्राच्या लोकांनी इथे वर्षानुवर्षं काम केलं. उंदीर, साळिंदर, खारी, वटवाघळं पकडून त्यांच्या अंगावरच्या गोचिडी मोजल्या, पक्ष्यांना जाळ्यात धरलं, मेलेल्या माकडांचे नकाशे काढले. जॉर्ज बोशेल नावाचे कोलंबियाचे डॉक्टर, पीतज्वरावर आयुष्य घातलेले, तेही त्यांत होते. 1969 मध्ये त्यांनी मांडलेलं म्हणणं असं: विषाणू या जंगलात छोट्या प्राण्यांमध्ये आणि गोचिडींमध्ये आधीपासून गुपचूप असावा. माणसाने जंगल तोडून शेतं केली, झुडपं माजली, आणि गाईम्हशी रानात सोडल्या. मोठ्या गोचिडीला हवं तेवढं रक्त मिळालं, गोचिडींची संख्या प्रचंड वाढली आणि विषाणू बाहेर पडला. पुढे 1980 च्या दशकात दक्षिण कन्नडच्या बेळतंगडी भागात मोठी साथ आली, दीड हजारांवर माणसं आजारी पडली. तिथेही आधी काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ झालं होतं. अलीकडे भारत आणि ब्रिटनमधल्या संस्थांनी मिळून केलेला अभ्यासही तिथेच बोट ठेवतो. जंगल आणि शेती एकमेकांत गुंतलेली जागा आणि तिथली गुरं, हे धोक्याचे ठिकाण.

बोशेल यांचं म्हणणं मी पूर्वी वाचलं होतं. दोडामार्गच्या गुरांच्या पायवाटेवर फडकं पाहिल्यानंतर ते पुन्हा डोक्यात घोळायला लागलं, आणि इथे त्या कळपाकडे बघताना मला एक गोष्ट फार खटकली. त्या पथकात माणसांचे डॉक्टर, प्राणीशास्त्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ एकाच तंबूत राहत. आज मेलेलं माकड एका खात्याचं, तापलेला माणूस दुसऱ्याचा, आणि गाय तिसऱ्याची. आणि गाय तर आजारीच पडत नाही, म्हणून ती कुणाच्याच नोंदीत येत नाही.

सोमवार, शिवमोग्गा

परतीच्या आधी शिवमोग्ग्यात अर्धा दिवस. लशीबद्दल सगळीकडे विचारणा झाली, तेव्हा इथे ते नीट समजून घेतलं. कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवून फॉर्मलिनने निष्प्रभ केलेली लस 1990 पासून कर्नाटकात देत होते. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा-नऊ महिन्यांनी बूस्टर, मग दर वर्षी. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन डोसांनी सुमारे 62 टक्के आणि बूस्टरनंतर सुमारे 83 टक्के संरक्षण दिसलं, पण टोचल्यावर हात फार दुखायचा, त्यामुळे बूस्टरला लोक येतच नसत. पुढे तिची ताकदही घटली आणि 2022 मध्ये ती बंद झाली. आयसीएमआर आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स यांचं नव्या लशीवर काम चालू आहे. ती यावीच. तोपर्यंत तेल, पूर्ण अंग झाकणारे कपडे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि मेलेल्या माकडाची त्याच दिवशी खबर.

यात माझ्या वाट्याचं काय, हे मी गाडीतच मैत्रिणीशी बोलून ठरवलं. केरच्या त्या वाडीत जूनच्या शेवटी मी परत जाणार आहे. गावातल्या दोन पशुधन पर्यवेक्षकांना बरोबर घेऊन रानात चरणाऱ्या प्रत्येक गाईच्या दोन्ही कानांतल्या मोठ्या गोचिडी मोजून नोंदवायच्या, पावसाळा संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी. भाकड गुरांना गोचीड मारणारं आयव्हरमेक्टिन. दुभत्यांना ते चालत नाही, कारण दुधात उतरतं. त्यांच्यासाठी पाठीवर ओतायचं गोचीडनाशक, फ्लुमेथ्रिन. शेजारच्या वाडीत नुसती मोजणी. मग जानेवारीत दोन्ही वाड्यांच्या काजूच्या बागांतून तेच पांढरं फडकं ओढायचं आणि आकडे शेजारी शेजारी मांडायचे. मैत्रीण त्या दोन वाड्यांतल्या तापाच्या रुग्णांची यादी ठेवेल. आजींना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "येवा. पण पावसात गायी सकाळी सातलाच रानात जातत, त्याच्या आधी येवक होया."